कॉन्टॅक्टमध्ये नाव होतं, तरी मेल स्पॅममध्ये?

सोसायटीच्या सभेची नोटीस स्पॅममध्ये सापडली की तक्रार ठरलेली: सचिवांचा पत्ता तर कॉन्टॅक्टमध्ये होता! असेलही. पण जीमेलमध्ये पत्ता जतन केल्याने त्या मेलची बाजू थोडी भक्कम होते, हमी मिळत नाही. त्यासाठी फिल्टर लावावा लागतो, आणि बरेच जण इथेच अडतात, कारण मोबाइल ॲपमध्ये तो तयार करता येत नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, ‘फ्रॉम’मध्ये पत्ता भरा, ‘क्रिएट फिल्टर’ म्हणा आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’समोर खूण करा. आधी स्पॅममध्ये गेलेले मेल मात्र ‘नॉट स्पॅम’ म्हणून स्वतः बाहेर काढा. ३० दिवसांनी ते कायमचे पुसले जातात.

दुसरा गैरसमज महागात पडणारा आहे. पत्ता एकदा विश्वासाचा ठरवला की त्या नावाने येणारं सगळं खरं, असं धरलं जातं. ईमेलची वाहतूक ज्या एसएमटीपीवर चालते, त्याचे नियम १९८२ चे. पाठवणारा खरा कोण, हे तपासण्याची सोय त्यांत नव्हती. पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसा प्रकार. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या बऱ्याच नंतर आल्या. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने त्या सक्तीच्या केल्या, त्याही फेब्रुवारी २०२४ पासून. ‘याला अडवू नकोस’ असं तुम्हीच सांगून ठेवलंत, तर त्या नावाचा तोतयाही आत येऊ शकतो.

म्हणून फिल्टरमध्ये पूर्ण पत्ता लिहावा. शाळेचं किंवा ऑफिसचं स्वतःचं डोमेन असेल तर ते अख्खं चालेल. नुसतं ‘ॲट जीमेल डॉट कॉम’ लिहिणं म्हणजे फिल्टरच मोडीत काढणं. बँकेसाठी तर अशी सूट देऊच नये, असं माझं मत. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जायला सांगितलं होतं. बँकेने मेलचा पत्ताही बदलला असेल, तर जुना फिल्टर खऱ्या मेलला लागू होणार नाही; जुन्या पत्त्याची नक्कल करणाऱ्याला मात्र दार उघडंच.

राहता राहिला ‘प्रमोशन्स’. तो स्पॅम नव्हे, इनबॉक्सचाच कप्पा आहे. कॉम्प्युटरवर तिथला मेल ओढून ‘प्रायमरी’त टाकला, की या पत्त्यावरचे पुढचे मेलही इथेच ठेवू का, असं जीमेल स्वतःच विचारतं.