पत्त्याची भाषा : नाव, क्रमांक आणि वाढते शहर



ही अभ्यासपुस्तिका आपल्या हाती आली ती एका पत्त्याच्या आधारे. पाकिटावरील त्या तीन-चार ओळी आपण रोज लिहितो. परंतु एक भाषिक रचना म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. नाव आणि क्रमांक ही पत्त्याची दोन अंगे कोणते कार्य करतात आणि त्यांचा माणसाच्या जगण्याशी काय संबंध आहे, हे प्रस्तुत घटकात मुख्यतः पुणे शहराच्या आधारे समजून घेऊ.

१. नावाचे कार्य

लहान गावात ‘देवळामागचे घर’ एवढे सांगितले तरी पुरते, कारण ऐकणाऱ्याला देऊळ ठाऊक असते. मागे, समोर, जवळ ही शब्दयोगी अव्यये ऐकणाऱ्याच्या पूर्वज्ञानावर विसंबून असतात. वस्ती वाढून अनोळखी माणसांची ये-जा सुरू झाली की हे पूर्वज्ञान गृहीत धरता येत नाही. तेव्हा विशेषनामाची गरज भासते.

पुण्यात सातही वारांच्या नावांच्या पेठा आहेत. सदाशिव पेठेचे नाव सदाशिवरावभाऊंवरून, तर नाना पेठेचे नाना फडणवीसांवरून पडले. ही नावे ओळख देतात, दिशा देत नाहीत. शनिवार पेठेतून रविवार पेठेत जाताना वाटेत बुधवार पेठ लागते. वारांचा क्रम नकाशावर आढळत नाही.

एकच नाव अनेक ठिकाणी आले तर काय होते? पुण्यात मारुतीची देवळे पुष्कळ. म्हणून लोकांनी जिलब्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती अशी नावे रूढ केली. विशेषनामाने वेगळेपण दाखवण्याचे कार्य सोडले, की समाज त्याला विशेषण जोडून नवे विशेषनाम घडवतो. त्यासाठी कोणत्याही कार्यालयाचा आदेश लागत नाही.

२. क्रमांकाचे कार्य

क्रमांक मात्र बहुधा शासनव्यवस्थेकडून येतो. १७७० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा हिच्या राजवटीत व्हिएन्नातील घरांना क्रमांक दिले गेले, ते प्रामुख्याने सैन्यभरतीसाठी. तेथे नव्याने बांधलेल्या घराला पुढचा शिल्लक क्रमांक मिळे. त्यामुळे शहर वाढताच शेजारच्या दोन घरांच्या क्रमांकांत मेळ राहीना. पॅरिसने १८०५ मध्ये वेगळी पद्धत स्वीकारली. रस्त्याच्या एका बाजूस सम आणि दुसऱ्या बाजूस विषम क्रमांक देण्यात आले. सीन नदीकडून निघणाऱ्या रस्त्यांवर क्रमांक नदीपासून सुरू होतात. नदीला समांतर रस्त्यांवर ते प्रवाहाच्या दिशेने वाढतात. येथे क्रमांक मोजणीपुरता न राहता वाट दाखवू लागला.

पुण्याच्या जुन्या भागात घरक्रमांक रस्त्यागणिक नसून पेठेगणिक आहेत. वाड्याची वाटणी झाली की मूळ क्रमांकाला ‘अ’, ‘ब’ अशी अक्षरे जोडली जातात. त्यामुळे पेठ आणि क्रमांक लिहूनही ‘अमुक मंदिरासमोर’ ही खूण लिहावीच लागते. जुने शब्दयोगी अव्यय नव्या पत्त्यातही टिकून राहिले, ते असे.

देशपातळीवर हाच प्रश्न टपाल खात्यापुढे होता. एकाच नावाची अनेक गावे, त्यात अनेक भाषा व लिप्या. संस्कृतचे व्यासंगी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. सदाशिव पेठेचा ४११०३० हा पिनकोड पाहा : पहिला अंक टपाल विभाग दर्शवतो, पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा, तर शेवटचे तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालय.

३. पत्ता आणि प्रतिष्ठा

क्रमांक कर आणि भरतीसाठी उपयोगी पडतो, तसाच तो शिधापत्रिका, मतदारयादी आणि रुग्णवाहिका यांसाठीही आवश्यक ठरतो. ज्या वस्तीला क्रमांक नाही, तेथील माणसाला आपले अस्तित्व वारंवार सिद्ध करावे लागते.

नावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशा नावांमुळे पत्ता सांगताच जात उघड होते. अर्ज भरणाऱ्याला प्रत्येक वेळी ती लिहावी लागते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. केवळ क्रमांक दिला असता तर जात झाकली गेली असती. नव्या नावाने त्या जागी एक मूल्य उभे केले.

तथापि कागदावरील नाव बदलले म्हणजे बोलण्यातील नाव बदलतेच असे नाही. पुण्यातील गंज पेठेचे अधिकृत नाव महात्मा फुले पेठ असे झाले, तरी जुने नाव आजही ऐकू येते. तेथे त्या उच्चारात केवळ सवय असते. जातिवाचक नावाच्या बाबतीत मात्र तीच सवय कुणाचा तरी अवमान करीत राहते. आदेश शासन काढते. नवे नाव रूढ करणे हे भाषा बोलणाऱ्यांचे, म्हणजे आपले काम आहे.

सारांश

नाव ओळख आणि स्मृती जपते, क्रमांक क्रम लावतो. वाढत्या शहराला दोन्ही हवेत. मात्र क्रमांक प्रत्येकाला मिळावा आणि नावाने कुणाची मान खाली जाऊ नये.

स्वाध्याय

१. आपला संपूर्ण पत्ता लिहून त्यातील विशेषनामे, संख्या आणि शब्दयोगी अव्यये वेगळी करा.
२. आपल्या परिसरातील एका ठिकाणाचे अधिकृत नाव व बोलण्यातील नाव नोंदवा. दोहोंत फरक असल्यास त्याची कारणे आठ-दहा ओळींत लिहा.