हमीवर धावलेली रेल्वे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या १४ डब्यांच्या गाडीचे कौतुक दरवर्षी होते. तिच्यामागील कराराची आठवण क्वचितच निघते. खासगी भागीदारीचे गोडवे गाणाऱ्यांनी तरी तो वाचायला हवा. १८४९ च्या या करारान्वये ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीला जमीन विनामूल्य मिळाली आणि भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमीही. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे प्रामुख्याने शेतसाऱ्यातून, भरली जाई. लाभ लंडनच्या भागधारकांचा, जोखीम रयतेची! मग काटकसर कोण करणार? शिवाय, व्यवहार आतबट्ट्याचा ठरल्यास सहा महिन्यांची नोटीस देऊन मार्ग सरकारच्या गळ्यात घालण्याची व गुंतवलेले भांडवल परत घेण्याची मुभाही कंपनीला होती.