रक्ताचा सामू, खुराक आणि कबड्डीचा दम



माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की आपण प्रथम सामूचा आकडा पाहतो. साडेसहा ते साडेसात असला म्हणजे उसाला जमीन मानवते. हाच सामू हल्ली खेळाडूंच्या बोलण्यात येऊ लागला आहे. आपल्या पुष्कळ सभासदांची मुले, पुतणे नोकरीनिमित्त अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड भागांत राहतात व संध्याकाळी तिथल्या मंडळांतून कबड्डी खेळतात. गावच्या जत्रेला आली की सांगतात, ‘आण्णा, साखर-गूळ खाल्ला की रक्त आम्ल होतं आणि दम टिकत नाही. अल्कलीचं पाणी प्यायला पाहिजे.’ यात खरे किती हे पाहणे जरूर आहे. कारण यात पैसा जातो, आणि प्रसंगी प्रकृतीही.

आधी आपल्या कारखान्याचेच उदाहरण घेऊ. गाळपातून निघालेल्या रसाचा सामू ५ ते ५.५ च्या दरम्यान असतो. चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो ७ च्या आसपास आणावा लागतो. रस आम्ल राहिला तर साखर फुटते व उतारा घटतो. चुना जास्त झाला तर रस काळपट होतो. म्हणून तिथे माणूस सतत लक्ष ठेवून असतो.

शरीरात हे काम आपोआप चालते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. रक्तातच असलेला बायकार्बोनेट आम्लाला तिथल्या तिथे गाठतो, फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडे उरलेले आम्ल लघवीवाटे काढतात. खाण्यातल्या फरकाने लघवीचा सामू बदलतो, निरोगी माणसाच्या रक्ताचा जवळजवळ नाही. तेव्हा साखरेने रक्त आम्ल होते हे खरे नव्हे. मात्र म्हणून साखर हवी तेवढी खावी असेही नाही. दात, वजन आणि मधुमेह यांचा हिशेब वेगळाच आहे.

मग दम का तुटतो? चढाई ३० सेकंदांची. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना खेळाडू आत श्वास घेत नाही, त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू थोडा खाली येतो आणि मेंदू श्वास घेण्यास भाग पाडतो. परत आल्यावर धापा टाकल्या की तो बराचसा निघून जातो. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात २०० मीटर जोराने पोहणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचे स्नायू भराभर आम्ल सोडतात आणि रक्ताचा सामू ७.२ च्याही खाली जाऊ शकतो. विश्रांतीने तो पूर्ववत होतो. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी मात्र या आम्लाची नव्हे. ती स्नायूंना बसलेल्या ताणाची असते.

खाण्याच्या सोड्याचा येथे थोडा उपयोग होतो हे खरे. अर्ध्या मिनिटापासून १०-१२ मिनिटांपर्यंतच्या जोरदार श्रमात तो थोडाफार फायदा देतो. पण मात्रा पाहा. किलो वजनाला ०.३ ग्रॅम म्हणजे ६० किलोच्या मुलाला १८ ग्रॅम. त्यातून सुमारे ५ ग्रॅम सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २ ग्रॅम आहे. मळमळ, जुलाब ठरलेलेच. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने तर याच्या वाटेलाही जाऊ नये. बाटलीतले अल्कलीचे पाणी पोटातल्या तीव्र आम्लात उतरते; रक्तात फरक पडावा एवढा जोर त्यात नसतो.

खरा धोका पुढे आहे. मधुमेहात इन्सुलिन फार कमी पडले तर रक्त खरोखर आम्ल होते आणि ते जिवावर बेतते. त्याला दवाखानाच हवा. अमेरिकेत अल्कली आहाराचा प्रचार करणाऱ्या रॉबर्ट यंगला परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल २०१६ साली सॅन डिएगोच्या न्यायालयात दोषी ठरवले गेले. त्याच्या भरवशावर रोगी आपले उपचार सोडत होते.

तेव्हा मुलांना फोनवर एवढे जरूर सांगा :

१) सामन्याआधी ३ तास भाकरी किंवा भात, वरण, भाजी असे पोटभर जेवण.

२) अर्धा तास आधी केळे किंवा गुळाचा खडा चालेल. तासापेक्षा जास्त चालणाऱ्या श्रमात साखर-मिठाचे पाणी उपयोगी पडते.

३) मुंबईच्या दमट हवेत घाम फार जातो, म्हणून साधे पाणी वेळोवेळी प्यावे.

४) दम वाढतो तो सरावाने. बाटलीचे पैसे वाचवून दूध-अंडी घ्यावीत.

५) मधुमेहाचे वा रक्तदाबाचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये.

— ऊस विकास अधिकारी