लाल कांदा, थापट्या बदक आणि जानेवारीची शिरगणती

जानेवारीत लासलगावच्या बाजार समितीबाहेर लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा त्याच निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला वेगळीच आवक झालेली असते. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, चक्रवाक, क्रौंच. शिवाय कपाळावर पांढरा ठिपका मिरवणारे काळे वारकरी. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंस तर सात हजार मीटरपेक्षा उंच उडल्याची नोंद आहे!

गंमत म्हणजे हे पाणपक्ष्यांचं घर कोणी पक्ष्यांसाठी बांधलंच नव्हतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा घातला तो पाण्याची टंचाई हटावी म्हणून. मागे गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि बदकांना मानवणारी दलदल तयार झाली. 1986 साली अभयारण्य झालं, पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाणही हेच ठरलं. इथे 265 जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. शिवाय देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, अतिशय दुर्मिळ असा एक छोटा मासाही इथे आसरा धरून आहे.

आता मोजणीचं. आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे 1987 पासून दर जानेवारीत होते. जानेवारीच का? तोवर पाहुणे स्थिरावलेले असतात, परतीची घाई नसते, त्यामुळे तोच थवा दोनदा मोजला जाण्याची भीती कमी. आणि हजारोंचा थवा मोजतात कसा? व्यापारी ट्रॉलीतला एकेक कांदा हातात घेत नाही, नजरेने माल जोखतो, इथेही तसंच. आधी शंभर पक्षी नीट मोजायचे, ते थव्याचा केवढा भाग व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि तेवढे भाग थव्यात किती बसतात ते पाहायचं. सरावाने नजर पक्की होते. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, तर तेवढ्या निकषावरही ती रामसर दर्जाला पात्र ठरते. म्हणजे मोजणारे नसतील तर तिची बाजू मांडणार कोण?

मोजणीने संख्या कळते, प्रवास नाही. पक्ष्याच्या पायात कडं घालून त्याचा माग काढणं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1927 मध्ये धार संस्थानात सुरू केलं. आज उपग्रहाशी बोलणारी यंत्रं पाठीवर बसवता येतात, तरी ते साधं कडं अजून कामाचं आहे. असा पक्षी सापडला तर कड्यावरचा क्रमांक टिपून सोसायटीला जरूर कळवा.

देशभरच्या पक्षीनिरीक्षणाच्या नोंदींवरून 2023 साली भारतातल्या 942 जातींचा आढावा निघाला. त्यासाठी सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी नोंदी पुरवल्या, त्यांतले बहुतेक हौशी. निष्कर्ष मात्र चटका लावणारा: थापट्या, तलवार बदक, चक्रांग हे आपले नेहमीचे पाहुणेही घटत आहेत. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या नीलपंखाच्या स्थितीचा जागतिक पातळीवर नव्याने विचार व्हावा, अशी शिफारस करावी लागली. मोर आणि कोकीळ वाढत आहेत, हा त्यातला दिलासा. नांदूरला काळजी पाणवेलींची. त्या माजल्या की उघडं पाणी झाकलं जातं.

नोव्हेंबरातला 5 ते 12 हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह असतो: पहिला दिवस निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, शेवटचा पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा. शाळांनी तेव्हा मुलांना वर्गात चित्रं काढायला बसवण्यापेक्षा नांदूरच्या निरीक्षण मनोऱ्यावर न्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पक्षी गणना होते त्याच जानेवारीत शेजारी येवल्यात संक्रांतीचे पतंग आभाळ भरून टाकतात. ती हौस राहावी, पक्ष्यांना जखमी करणारा नायलॉन मांजा मात्र नको. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. साधा सुती दोरा वापरा आणि संक्रांत सरली की झाडांत, तारांत अडकलेला मांजा गोळा करा; तारांवरचा स्वतः न काढता वीज कर्मचाऱ्यांना कळवा.