इंग्रजीतला तो एक 'एस' आणि आपला आदर

आजचा एपिसोड छोटा आहे, एका अक्षराबद्दल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी क्लायंटच्या कॉलवर मी म्हणालो, 'माय मॅनेजर हॅव अप्रूव्ड इट.' बोलता बोलताच कळलं, चुकलं. कोणी हसलं नाही, पण पुढचे कितीतरी कॉल मी म्यूटवरच काढले. कोड माझा, बोलणार दुसराच!

आता, 'ही, शी, इट आलं की एस' हे शाळेत पाठ केलेलंच होतं. मग चुकलं का? मला वाटतं, मराठीमुळे. आपण म्हणतो, 'बाबा बँकेत काम करतात.' माणूस एक, क्रियापद अनेकवचनी, कारण आदर. तोच आदर घेऊन इंग्रजीत गेलो की तोंडातून निघतं, 'माय फादर वर्क इन अ बँक.' पण इंग्रजी क्रियापद आदर बघत नाही, ते फक्त मोजतं. बाबा एक, म्हणून 'वर्क्स'. राष्ट्रपतींनाही 'वर्क्स'च.

गंमत म्हणजे इंग्रजीतही पूर्वी असा आदर होता. एकाला 'दाऊ' आणि अनेकांना किंवा मोठ्या माणसाला 'यू', म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' गेलं आणि सगळेच 'तुम्ही' झाले. म्हणून समोर एकच जण असला तरी आपण 'यू आर' म्हणतो, 'यू इज' नाही.

बाकी घाबरण्यासारखं फार नाही हो. आपण जातो, जाते, जातोस, जातेस, जातात एवढं सगळं न अडखळता सांभाळतो. इंग्रजीत 'गो' आणि 'गोज', संपलं. फक्त 'ॲम, इज, आर' तेवढं वेगळं.

प्रश्न विचारताना मात्र लक्ष ठेवा. 'शी वर्क्स', पण 'डझ शी वर्क?' एस एकच आहे, तो 'डझ'ने घेतला की 'वर्क' मोकळं. प्रोग्रॅमिंगवाल्यांनो, एक लॉक, एक थ्रेड! 'शी डझन्ट वर्क्स' म्हणजे दोघांनी एकदम लॉक घेतलं.

आणि माझी अजूनही होणारी चूक: 'द लिस्ट ऑफ यूझर्स आर एम्प्टी.' मराठीत 'यूझर्सची यादी रिकामी आहे' म्हणताना 'यादी' शेवटी येते, क्रियापदाच्या जवळ, म्हणून गोंधळ होत नाही. इंग्रजीत 'लिस्ट' मागे राहते आणि मध्ये 'यूझर्स' येऊन बसतात. कान त्या जवळच्या शब्दाचं ऐकतो. अशा वेळी मी वाक्य मनात पटकन मराठीत करतो. रिकामी काय आहे? यादी. मग 'इज'. कॉलवर यात अर्धा सेकंद जातो, तेवढा जाऊ देतो.