लिहिण्यापुरते यंत्र

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०२४ साली विंडोज ११ या प्रणालीच्या नव्या आवृत्तीतून ‘वर्डपॅड’ काढून टाकले. १९९५ पासून जवळजवळ तीस वर्षे विंडोजबरोबर आपोआप मिळणारे, पत्र, अर्ज वा टिपण लिहिण्यापुरते हे साधन होते. त्याच्या जाण्याची वार्ता फारशी कोणी मनावर घेतली नाही. ज्याला मजकूर नीटनेटका मांडायचा आहे त्याने ‘वर्ड’ वापरावे आणि ज्याला नुसता उतरवून ठेवायचा आहे त्याने ‘नोटपॅड’, असा सल्ला कंपनीने २०२३ साली ही घोषणा करतानाच दिला होता. सल्ला वरकरणी व्यवहारी आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये जी जागा होती, तीच आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या लिहिण्याची जागा होती, आणि ती रिकामी झाल्यामुळे काय बिघडले याचा विचार मराठीत लिहिणाऱ्याने तरी करावयास हवा.

रोजचे लेखन म्हणजे काही ग्रंथरचना नव्हे. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाने पाणीकपातीची काढलेली सूचना, शिक्षिकेने घरी बसून केलेली प्रश्नपत्रिका, परगावच्या मुलीला पाठवायचे पत्र, नगरपालिकेकडे करावयाची तक्रार, फार झाले तर एखादा लेख, असे त्याचे स्वरूप असते. त्यासाठी अक्षर लहानमोठे करता यावे, एखादा शब्द ठळक व्हावा, परिच्छेद नीट पडावा, चुकलेले खोडता यावे आणि शेवटी कागदावर छापता यावे, यापलीकडे अपेक्षा नसते. आजचे मोठे वर्ड प्रोसेसर उघडावेत तर प्रथम समोर येतो तो कोरा कागद नव्हे, नमुन्यांचे दालन. मग खात्यात प्रवेश केला आहे काय, मजकूर कंपनीच्या दूरच्या साठवणीत ठेवावयाचा काय, अशी चौकशी होते. लिहिण्यास आरंभ केलाच तर पुढचा शब्द सुचविण्याची तत्परताही दाखविली जाते. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानासारखे हे आतिथ्य आहे. पाहुण्याला भूक किती, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही.

वर्ड प्रोसेसर प्रथम आला तेव्हा तो हलका होता, कारण जड असणे त्याला परवडणारेच नव्हते. १९७८ साली मायक्रोप्रो कंपनीने बाजारात आणलेला ‘वर्डस्टार’ ६४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रांवर सुखाने चालत असे. आज मोबाइलवर काढलेले साधे छायाचित्रसुद्धा त्याहून कितीतरी पटींनी मोठे भरते. कोलंबोला राहणारे आर्थर सी. क्लार्क आणि लॉस एंजलिसमधील दिग्दर्शक पीटर हायम्स यांनी ‘२०१०’ या चित्रपटाविषयीचा आपला पत्रव्यवहार १९८३-८४ च्या सुमारास ‘केप्रो’ नावाच्या अशाच छोट्या यंत्रांवर लिहून टेलिफोनच्या तारेवरून केला, आणि तो पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. जॉर्ज मार्टिन हे कादंबरीकार डॉसवर चालणाऱ्या जुन्या संगणकावर वर्डस्टारची चौथी आवृत्ती वापरतात, हे त्यांनी २०१४ साली एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले तेव्हा अनेकांची करमणूक झाली. आपण लिहिलेले छोटे अक्षर यंत्राने परस्पर मोठे केलेले आपल्याला खपत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कॅनडातील विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर यांनी तर २०२४ साली वर्डस्टारची शेवटची आवृत्ती, तिच्या माहितीपुस्तिकांसह, इतरांच्या उपयोगासाठी खुली केली. यात थोडा लहरीपणा आहे, हे मान्य. शिवाय हलक्या साधनाने लेखन लवकर होते, असेही कोणी समजू नये. मार्टिन यांच्या कादंबरीमालेच्या पुढच्या भागासाठी वाचकांना २०११ पासून वर्षानुवर्षे ताटकळावे लागले आहे. परंतु आपण काय लिहावे हे यंत्राने सांगू नये, हा त्यांचा आग्रह लहरीचा नव्हे.

मराठी लेखकाला तर या आगंतुक मदतीचा जाच अधिकच होतो. इंग्रजीसाठी घडविलेली शुद्धलेखनाची तपासणी मराठी मजकुरावर चालू राहिली की पानभर तांबड्या नागमोडी रेघा उमटतात आणि पेपर तपासून परत मिळालेल्या विद्यार्थ्यासारखी आपली अवस्था होते. मराठीचा कोश जोडला तरी गाडी पुरती रुळावर येत नाही. ‘समोरच्यांनासुद्धा’ किंवा ‘घरातल्यांपैकीच’ असे शब्द आपण सहज बोलतो. सामान्यरूप, प्रत्यय, शब्दयोगी अव्यय आणि वर एखादा ‘च’ अशी उतरंड मराठी रचते, तिची सर्व रूपे कोणत्या यादीत मावणार? शुद्ध शब्दाखाली रेघ आली की नवशिका लेखक तो शब्दच बदलतो, हे मी पाहिले आहे.

अर्थात केवळ हलकेपणा हा गुण मानून चालणार नाही. नोटपॅड अत्यंत हलके होते, पण २०१९ पर्यंत ते स्वतः होऊन मजकूर ज्या पद्धतीने साठवीत असे, तीत देवनागरीला स्थान नव्हते. मराठी मजकूर लिहून, त्याने दिलेल्या इंग्रजी इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून जो होकार देई, त्याला पुन्हा फाइल उघडल्यावर ओळीमागून ओळी प्रश्नचिन्हे दिसत. आता ती उणीव भरून निघाली आहे. मात्र दुसरीकडे या नोटपॅडलाच २०२४ पासून शुद्धलेखनाची तपासणी, मग ठळक-तिरपी अक्षरे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मजकूर पुन्हा लिहून घेण्याची सोय, अशी एकेक आभूषणे चढू लागली आहेत. म्हणजे मधल्या भावाला घराबाहेर काढावयाचे आणि त्याचे कपडे धाकट्याच्या अंगावर चढवावयाचे, असा हा प्रकार आहे.

साध्या साधनाचा पुरस्कार करण्याचे खरे कारण वेगळेच आहे, आणि ते मला एका दुःखद अनुभवाने कळले. माझे एक स्नेही १९७२ च्या दुष्काळात महसूल खात्यात होते. खडी फोडण्याच्या कामांवरची मस्टरे, मजुरांना वाटलेली सुकडी, पाण्याच्या टाकीपाशी झालेली भांडणे, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. निवृत्तीनंतर, १९९८ च्या सुमारास, त्यांनी संगणक घेतला, त्यावर एक मराठी सॉफ्टवेअर बसवून घेतले आणि दोन वर्षे खपून या आठवणी लिहून काढल्या. छापावयाचे राहून गेले. ते वारल्यावर काही वर्षांनी त्यांची मुलगी एक सीडी घेऊन माझ्याकडे आली. “काका, आप्पांचं सगळं लिखाण यात आहे,” ती म्हणाली. फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि रिकाम्या चौकटी यांचा खच. ते सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तोवर बंद पडली होती.

हे कसे घडले ते समजून घेण्याजोगे आहे. त्या काळचा मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढविलेला मुखवटा असे. संगणक आपल्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवी. फॉन्ट मात्र त्यांच्या जागी काना, मात्रा, अर्धा ‘त’ दाखवी. कोणत्या जागी काय, हे ज्या त्या कंपनीचे निराळे. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी साठवावयाची आणि रफार मागाहून, असा सारा दिसण्याचा हिशेब, उच्चाराचा नव्हे. वस्तुतः १९९१ सालीच भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही सामाईक संकेतप्रणाली ठरविली होती आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु छपाई सुबक येते ना, मग आत काय साठते आहे याची चौकशी कोण करतो? फॉन्ट गेला की मुखवटा गेला, आणि मुखवट्यामागे मराठी कधी नव्हतीच. वर्षानुवर्षे कार्यालयांतून, छापखान्यांतून आणि घरांतून असा जो मजकूर जमला, त्याची गणती कोणी केलेली नाही.

तेव्हा वर्ड प्रोसेसर निवडताना तो काय काय करतो हे विचारण्यापूर्वी, तो नाहीसा झाल्यावर आपल्याजवळ काय उरते, हे विचारले पाहिजे. युनिकोडमधील साधा मजकूर असेल तर जवळजवळ कोणत्याही संगणकावर तो वाचता येतो. सजावट हवी असेल तर वर्डपॅडचे ‘आरटीएफ’ हे १९८७ पासूनचे स्वरूप किंवा २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले ‘ओडीएफ’ आहे. दोन्हींची रचना प्रसिद्ध असल्यामुळे ती उघडणारे कार्यक्रम एकाच कंपनीचे असावे लागत नाहीत. जागेची तर काळजीच नको. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. त्या मानाने साठ हजार शब्दांची कादंबरी सुमारे एक मेगाबाइट होते. एकेकाळच्या १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर ती मावली असती.

मोठ्या वर्ड प्रोसेसरशी माझे वैर नाही. तळटीपा, सूची, कोष्टके, दहा जणांनी सुचविलेल्या दुरुस्त्या यांचा प्रपंच ज्याला करावा लागतो, त्या प्रबंधलेखकाने वा कार्यालयाने तो जरूर वापरावा. चूक होते ती दोन ओळींच्या अर्जासाठीही तोच उघडण्याची सवय लागते तेव्हा. वर्डपॅड गेले तरी मॅकवर ‘टेक्स्टएडिट’ आहे. ‘फोकसरायटर’ आणि ‘ॲबीवर्ड’ यांसारखे मुक्त कार्यक्रम आहेत, जरी ‘ॲबीवर्ड’ला पूर्वीचा जोम उरलेला नाही. निवड करताना मी एक घरगुती परीक्षा घेतो. ‘वऱ्हाड’, ‘किर्लोस्कर’ आणि ‘ॲनी’ हे तीन शब्द लिहावयाचे, फाइल बंद करावयाची आणि ती दुसऱ्याच कार्यक्रमात उघडावयाची. ‘वऱ्हाड’मधला चंद्रकोरीसारखा ‘र’ मोडला नाही, रफार योग्य अक्षरावर बसला आणि ‘ॲ’ची चौकट झाली नाही, तर ते साधन मराठीच्या कामाचे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ साली. जुन्या फॉन्टांना त्याचा पत्ता नसतो.

आमच्या स्नेह्यांच्या आठवणींपैकी बराच भाग पुढे हाती लागला. संगणकाच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या एका जुन्या छापील पत्रावरून त्या फॉन्टची किल्ली शोधून काढली आणि मजकूर युनिकोडमध्ये आणणारा छोटा कार्यक्रम लिहून दिला. तरी वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या आणि मूळ फाइल मध्यंतरी कोणीतरी दुसऱ्या यंत्रावर उघडून पुन्हा साठवली असल्यामुळे काही अक्षरे कायमची गेली होती. त्यांची मुलगी आणि मी दर रविवारी दुपारी बसतो. ती वाचते, मी दुरुस्त करतो, साध्याच कार्यक्रमात. एकशेचाळीसपैकी एकसष्ट पाने झाली आहेत. बासष्टाव्या पानावर खडी फोडणाऱ्या बायकांची नावे आहेत. त्यांतल्या अकरा नावांपैकी एकाची पहिली दोन अक्षरे चौकटी झाली आहेत, पुढे नुसते ‘बाई’ उरले आहे. ती कोण होती हे त्या गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना ठाऊक असावे, असे मुलीला वाटते. येत्या रविवारी आम्ही त्यांना टेलिफोन करणार आहोत.