गोर्बाचेव्ह : सत्तेपूर्वीची ५४ वर्षे

मिखाईल गोर्बाचेव्ह म्हटले की ग्लासनोस्त (खुलेपणा), पेरेस्त्रोइका (पुनर्रचना) आणि १९९१मध्ये झालेले सोव्हिएत संघाचे विघटन एवढेच बहुतेकांना आठवते. ते सत्तेवर आले तेव्हा ५४ वर्षांचे होते. त्याआधीच्या आयुष्याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त. कोणी त्यांना मनातून पहिल्यापासून कम्युनिस्टविरोधी ठरवतो, कोणी १९८५मध्ये अचानक उगवलेला नेता समजतो.

यातला पहिला समज सर्वांत चिवट आहे, कारण त्याला वरवर आधार सापडतो. गोर्बाचेव्ह यांचा जन्म २ मार्च १९३१ रोजी दक्षिण रशियातल्या स्टाव्रोपोल भागात, प्रिव्होल्नोये या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. १९३२-३३च्या दुष्काळात त्या गावात उपासमारीने माणसे मेली, त्यात त्यांचे नातलगही होते. पेरणीचे उद्दिष्ट पूर्ण केले नाही म्हणून १९३४मध्ये वडिलांचे वडील आंद्रेई यांना सायबेरियात लाकूडतोडीला धाडण्यात आले. आईचे वडील पांतेलेई गोपकालो तर सामूहिक शेतीचे अध्यक्ष आणि कम्युनिस्ट पक्षाचे माणूस. तरीही १९३७मध्ये ट्रॉट्स्कीवादी असल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली, चौकशीत छळ झाला आणि सुटायला १९३८चा डिसेंबर उजाडला. या काळात शेजाऱ्यांनी त्या घराकडे पाठ फिरवली.

एवढे सोसलेला मुलगा व्यवस्थेचा वैरी होणारच, असे वाटते. घडले उलटे. स्वतः पांतेलेई यांचीच खात्री होती की हे सारे स्टालिनच्या नकळत झाले. त्यांच्या घरात एका कोपऱ्यात आजीच्या देवाच्या तसबिरी असत आणि तिथेच लेनिन-स्टालिनची चित्रेही. नातवाने शाळेच्या अंतिम परीक्षेत स्टालिनच्या गौरवाचा निबंध लिहिला आणि मार्च १९५३मध्ये त्याच्या अंत्यदर्शनासाठी मॉस्कोत रांगही लावली.

मॉस्को विद्यापीठात प्रवेश वशिल्याने मिळाला, हाही असाच एक समज. युद्धात जखमी होऊन परतलेले वडील सर्गेई कंबाइन यंत्र चालवत आणि सुट्टीत मिखाईल त्यांच्या हाताखाली राबत असे. १९४८च्या हंगामात बापलेकांनी ८,००० क्विंटलांहून अधिक धान्याची मळणी केली. त्याबद्दल वडिलांना ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ मिळाले आणि मुलाला ‘श्रमाचे लाल निशाण’ हा किताब. शाळकरी मुलासाठी हा दुर्मीळ मान होता. वर शाळेचे रौप्यपदक. १९५०मध्ये कायदा शाखेने त्याला प्रवेश परीक्षेशिवाय घेतले ते या शिदोरीवर. शेतकरी घरातला, पुरस्कारप्राप्त मुलगा राज्यकर्त्यांना हवाच होता. तिथेच तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी राइसा तितारेंको भेटली आणि १९५३मध्ये त्यांचे लग्न झाले.

पदवी कायद्याची असली, तरी गोर्बाचेव्ह यांनी वकिली केली नाही. १९५५मध्ये स्टाव्रोपोलच्या सरकारी अभियोक्ता कार्यालयात ते जेमतेम काही दिवस टिकले आणि कोमसोमोल या पक्षाच्या युवक संघटनेत गेले. पुढचा प्रवास पायरीपायरीने झाला : १९६६मध्ये शहर समितीचे प्रथम सचिव, १९७०मध्ये, ३९व्या वर्षी, संपूर्ण स्टाव्रोपोल प्रांताचे. मधल्या काळात त्यांनी पत्राद्वारे शेतीचीही पदवी घेतली, आणि कायद्यापेक्षा तीच जास्त उपयोगी पडली.

या वर्षांत ते गुप्तपणे उदारमतवादी होते, असे त्यांचे चाहते सांगतात. कागदोपत्री तसे दिसत नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या ‘प्राग वसंत’ या सुधारणा चळवळीच्या नेत्यांपैकी झ्डेनेक म्लिनार्झ हा त्यांचा विद्यापीठातला मित्र, तरीही १९६८मध्ये ती चिरडायला सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा स्टाव्रोपोलच्या पक्ष समितीने पाठिंबाच दिला. सुधारणांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिणाऱ्या सादिकोव्ह या स्थानिक तत्त्वज्ञावर गोर्बाचेव्ह यांनी भर बैठकीत तोंडसुख घेतले. त्याचा पश्चात्ताप त्यांनी पुढे व्यक्त केला, पण खूप नंतर. १९६९मध्ये चेकोस्लोव्हाकियाला गेले असताना कामगारांनी फिरवलेली पाठ मात्र त्यांच्या मनातून गेली नाही.

केजीबी या गुप्तचर संघटनेचे प्रमुख अँड्रोपॉव्ह यांच्याशी जवळीक होती म्हणून गोर्बाचेव्ह यांना केजीबीचा माणूस म्हणतात. त्यांनी केजीबीत कधीही नोकरी केली नाही. ओळखीचे मूळ भूगोलात होते. किस्लोव्होद्स्कच्या औषधी झऱ्यांवर मॉस्कोचे बडे नेते उपचारासाठी येत आणि त्यांचे आगतस्वागत प्रांताच्या प्रथम सचिवाकडे असे. शिवाय अँड्रोपॉव्ह मूळचे त्याच मुलखातले. सप्टेंबर १९७८मध्ये त्याच भागातल्या मिनेराल्निये व्होदी स्थानकावर पक्षाचे सरचिटणीस ब्रेझनेव्ह यांची गाडी थोडा वेळ थांबली, तेव्हा फलाटावर ब्रेझनेव्ह, अँड्रोपॉव्ह, चेर्नेंको आणि गोर्बाचेव्ह असे चौघे एकत्र होते. पुढच्या सात वर्षांत सरचिटणीसपद याच क्रमाने या चौघांकडे गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पक्षाच्या केंद्रीय समितीचे शेतीविषयक सचिव म्हणून गोर्बाचेव्ह यांना मॉस्कोला बोलावण्यात आले. शेतीतल्या यशामुळे ते वर चढले, हे मात्र खरे नाही. १९७९पासून सलग काही वर्षे पीक कमीच आले आणि देशाला परदेशी धान्य घ्यावे लागले. तरीही १९८०मध्ये, ४९व्या वर्षी, ते पॉलिटब्युरोचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचे, पूर्ण सदस्य झाले. वृद्धांच्या त्या मंडळात तरुण, कष्टाळू आणि वरिष्ठांना न दुखावणारा माणूस असणे हीच मोठी जमेची बाजू होती.

चेर्नेंको १० मार्च १९८५ रोजी वारले. दुसऱ्या दिवशी सरचिटणीसपदासाठी गोर्बाचेव्ह यांचे नाव सुचवले ते कोणा बंडखोराने नव्हे, तर १९५७पासून परराष्ट्रमंत्री असलेल्या आंद्रेई ग्रोमिको यांनी, आणि ते एकमताने मंजूर झाले.